डोईफोडियाचा टॉवर

गिरधर चौधरी कुणाच्या तोंडी शब्दावर चालत नाहीत, हे बुरहानपूरच्या लोधीपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बस स्टँडवर कंडक्टर "लगेच सुटते, बसा" म्हणाला, की ते आधी ड्रायव्हर कुठे चहा पितोय ते शोधतात. औषधवाला "गोळी तीच आहे" म्हणाला तर जुन्या पाकिटावरचं नाव नव्या पाकिटाशी अक्षर-अक्षर ताडून बघतात. त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणतात, "लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. रोज मला विचारतात, दाराला कडी लावली का? मी हो म्हणते. मग उठून स्वतः बघून येतात. बघायचंच असतं तर विचारता कशाला?"

ते आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. छत्तीस वर्षं सरकारी टेलिफोन खात्यात लाइनमन होते. बुरहानपूर शहर, तापीपलीकडची गावं, शाहपूर, खकनार, पार जंगलाच्या कडेपर्यंत गेलेले खांब त्यांना पाठ होते.

हा संशय त्यांच्या अंगात पहिल्यापासून नव्हता. १९८९ साली शाहपूरच्या रस्त्यावर वादळानं काही खांब आडवे केले आणि फोनच्या तारांवर विजेची तार येऊन पडली. गिरधरभाऊंबरोबर कडू बोदडे नावाचा त्यांचा जोडीदार होता. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलेले, एका डब्यात जेवणारे. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "सप्लाय बंद केलाय, चढा." कडू चढला. गिरधरभाऊ खाली शिडी धरून उभे होते. सप्लाय बंद नव्हता. ओरडणारा कोण होता, त्याला कुणी सांगितलं होतं, हे चौकशीत शेवटपर्यंत निघालं नाही. कडूच्या घरी निरोप घेऊन गिरधरभाऊंनाच जावं लागलं.

तेव्हापासून ते म्हणतात, "माणूस खोटं बोलतो असं नाही. माणूस ऐकलेलं पुढे सांगतो. मरायला तेवढं पुरतं."

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका रविवारी त्यांची मुलगी रंजिता आणि जावई योगेंद्र जेवायला आले. रंजिता एका खासगी शाळेत शिकवते. योगेंद्र केळीच्या वाहतुकीचं काम करणाऱ्या एका ऑफिसात आहे. त्यांनी लालबागकडचा एक लहान प्लॉट नुकताच विकला होता आणि ते पैसे त्यांच्या मुलीच्या, रश्मीच्या कॉलेजसाठी चार वर्षं कुठंतरी ठेवायचे होते. जेवण झाल्यावर योगेंद्रनं मोबाइल पुढे केला.

"मामा, ही वेगतरंग कंपनी बघा. वर्षभरापूर्वी शहाण्णव रुपयाला शेअर होता. आज एकशे चाळीस. गावागावात टॉवर, घरोघरी फायबर. दर तीन महिन्याला ग्राहक वाढतायत."

"मग घ्या की. मला कशाला विचारता?"

रंजिता म्हणाली, "पप्पा, तुम्ही टेलिफोनमधले. तुम्हीच सांगा, कंपनी कशी आहे?"

"मी तारांमधला आहे. शेअरमधला नाही."

"तेच तर!" योगेंद्र म्हणाला. "शेअरमधले लोक टीव्हीवर दिवसभर बोलतात. तार बघितलेला एकही नसतो त्यात."

हे बोलणं गिरधरभाऊंना पटलं. त्यांनी चष्मा लावला. कंपनीच्या वेबसाइटवर एक नकाशा होता. जिथं टॉवर चालू, तिथं हिरवा ठिपका. बुरहानपूर जिल्ह्यात बावन्न ठिपके होते आणि बावन्नच्या बावन्न हिरवे. योगेंद्रनं बोट लावलं तसं नाव उमटलं: डोईफोडिया, कार्यरत.

"हे कुणी मोजले?"

"कंपनीनं."

"आणि कंपनीचे कुणी तपासले?"

"ऑडिटर असतो ना मामा. मोठी फर्म आहे. सही असते त्यांची."

"ऑडिटर डोईफोडियाला गेला होता?"

योगेंद्र हसला. गिरधरभाऊ हसले नाहीत. "बावन्नात एक तरी लाल असतो," ते म्हणाले. "आमच्या खात्यात बावन्न फोन लावले तर संध्याकाळपर्यंत सहा बंद पडायचे. सगळं हिरवं आहे म्हणजे कुणी बघितलेलंच नाही. मला महिनाभर द्या. तोवर पैसे हलवू नका."

चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी त्यांच्याबरोबर बसणारे भाईदास गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झालेले, तीस वर्षांचे मित्र. त्यांनी वेगतरंगचे शेअर शहाण्णवलाच घेतले होते, तेही फंडाच्या पैशातून. गिरधरभाऊ बघायला निघालेत हे कळल्यावर ते म्हणाले, "अरे गिरधर, दिल्ली-मुंबईची माणसं आकडे बघून करोडो लावतात आणि तू बस पकडून टॉवर बघायला चाललास?"

"त्यांना तिकीट परवडत नसेल," गिरधरभाऊ म्हणाले.

ते आधी शाहपूरला गेले. केळीच्या बागांच्या कडेनं रस्त्यालगत नवी चारी खणलेली होती आणि तिच्यात वेगतरंगचा निळा पाइप टाकणं चालू होतं. काम बघणारा तुषार नावाचा जळगावकडचा माणूस होता, पस्तिशीचा. गिरधरभाऊंनी त्याला काही न विचारता चारीत स्टीलचा टेप सोडला. खोली एक मीटर साठ, हवी तेवढी. त्यांना वाटलं, रस्त्यावरून दिसतं तेवढंच नीट केलं असेल. म्हणून ते अर्धा किलोमीटर आत, बागेच्या बांधापर्यंत चालत गेले आणि तिथंही टेप सोडला. एक मीटर अठ्ठावन्न.

तुषार मागे मागे आला. "काका, तुम्ही कुठल्या कंपनीचे?"

"माझा मीच. हे झाकण उघडतोस का?"

तुषारनं काही वेळ त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि मग झाकण उघडलं. आत फायबरचा जॉइंट होता. वेटोळं नीट बांधलेलं, पाणी जाऊ नये म्हणून तोंड बंद केलेलं, प्रत्येक तारेला नंबराची चिठ्ठी. गिरधरभाऊंनी गुडघे टेकून पुष्कळ वेळ बघितलं. असा जॉइंट त्यांनी आख्ख्या नोकरीत दोनदा पाहिला होता आणि त्यातला एक स्वतः केला होता.

"कुणी केला?"

"मीच. काही चुकलं का?"

"नाही," ते म्हणाले. त्यांना हे सांगताना जरा जडच गेलं.

तीन दिवसांनी ते डोईफोडियाला गेले. सकाळची बस, दीड तासाचा रस्ता. टॉवर लांबूनच दिसला, लाल-पांढरा, ताठ. एका कापसाच्या शेताच्या कोपऱ्यात तो उभा होता. भोवती जाळीचं कुंपण, कुंपणाला कुलूप, कुलपाला गंज. गिरधरभाऊंनी जाळीतून हात घालून लोखंडी कपाटावर तळवा ठेवला. चालू यंत्र हाताला कळतं, आतला पंखा थरथरतो. इथं काहीच हललं नाही. जनरेटरसाठी सिमेंटचा ओटा बांधलेला होता, त्यातून चार बोल्ट वर आलेले होते आणि वर जनरेटर नव्हता. मीटरची पेटी होती, मीटर नव्हता. विजेच्या खांबावरून इकडे येणारी तारच नव्हती.

शेताची मालकीण सोजरबाई बांधावर तण काढत बसली होती. पंचाहत्तरीची असेल.

"माय, हा टॉवर चालतो का?"

"भाडं येतं भाऊ. महिन्याच्या महिन्याला, नातवाच्या खात्यात. कधी चुकलं नाही."

"भाड्याचं नाही विचारत. फोन लागतो का?"

"फोन लावायचा तर नाल्यापलीकडे टेकडीवर जावं लागतं. मागच्या साली सुनेला कळा सुरू झाल्या, तर पोरगा अंधारात टेकडीवर पळाला गाडी बोलवायला. या खांबाखाली उभं राहून काय होते? सावली पडते तेवढी."

"कुणी बघायला येतं?"

"एक जण आला होता. लांबूनच फोटो काढला. मी म्हटलं, चहा घे. नको म्हणाला, गाडीत बसून गेला."

गिरधरभाऊंनी त्या महिन्यात आणखी तीन टॉवर पाहिले. दोन चालू होते. एक डोईफोडियासारखाच, नुसता उभा. मग रविवारी त्यांनी मुलीला आणि जावयाला समोर बसवलं.

"चार पाहिले. दोन बंद आणि नकाशावर चारही हिरवे. शाहपूरचं काम मात्र पक्कं आहे, असं काम मी आमच्या खात्यातही बघितलं नाही."

"म्हणजे कंपनी चांगली की वाईट?" योगेंद्रनं विचारलं.

"खोटी आहे म्हणवत नाही. खरी आहे असंही म्हणवत नाही. देशभरात यांचे आठ हजार टॉवर आहेत म्हणतात. त्यातले किती सोजरबाईच्या शेतातल्यासारखे आहेत, ते ना मला माहीत, ना तुम्हाला. मला भीती अशी आहे की त्यांनाही माहीत नाही. रश्मीचे पैसे यात टाकू नका."

टाकले नाहीत. पैसे बँकेत ठेवले.

आणि शेअर चढायला लागला. एप्रिलमध्ये एकशे सत्तर, जूनमध्ये दोनशे, ऑगस्टमध्ये दोनशे बत्तीस. योगेंद्रचं रविवारी येणं आधी उशिरा व्हायला लागलं, मग एक रविवार सोडून, मग काम निघायला लागलं. रंजिता एकटीच यायची आणि आईशी स्वयंपाकघरात बोलून जायची. भाईदास गुरुजींनी एक दिवस टपरीवर सगळ्यांना मावा जिलेबी वाटली आणि म्हणाले, "गिरधर, शंकेला डिव्हिडंड मिळत नाही रे." लोक हसले. गिरधरभाऊ नको म्हणत असतानाही त्याच आठवड्यात गुरुजींनी दोनशे दहाच्या भावानं आणखी शेअर घेतले.

त्या दिवसांत गिरधरभाऊंना स्वतःचाच संशय यायला लागला. आपण म्हातारे झालो, आपल्याला बंद पडलेलंच दिसतं, असं काही आहे का? जुलैत ते कुणाला न सांगता पुन्हा डोईफोडियाला गेले. तेच कुलूप, फक्त गंज वाढलेला. घरी येऊन नकाशा उघडला. ठिपका हिरवा.

"अहो, तुमचा एक रुपया नाही त्यात," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग झोप का उडालीय?"

"जावयाचं नुकसान माझ्या जिभेनं झालं. मला कळायला नको, की मी बरोबर बोललो की चूक?"

रंजितानंच वाट सुचवली. कंपनीची वार्षिक सभा आता मोबाइलवर होते आणि ज्याच्याकडे एक शेअर असेल त्यालाही आधी नाव नोंदवून प्रश्न विचारता येतो, असं तिनं वाचलं होतं. तिनं वडिलांचं शेअरचं खातं उघडून दिलं. गिरधरभाऊंनी पडद्यावरची प्रत्येक ओळ तीनदा वाचून वेगतरंगचा एक शेअर विकत घेतला.

सप्टेंबरमधल्या एका दुपारी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले. तासभर भाषणं झाली. वाढ, विश्वास, विकास. मग एक-एक भागधारकाला बोलवायला लागले. बहुतेकांनी अध्यक्षांचं कौतुकच केलं. मग आवाज आला, "अगले शेयरधारक, बुरहानपुर से, गिरधर चौधरी जी."

"मेरे पास एक शेयर है," गिरधरभाऊ म्हणाले. पलीकडे कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. "आपके नक्शे में डोईफोडिया हरा है. मैं दो बार जाकर आया. ताला है, मीटर नहीं है, जनरेटर नहीं है. वहाँ की औरतें टेकड़ी पर चढ़कर फ़ोन लगाती हैं. मेरा सवाल छोटा है. आपमें से कोई देखने गया था क्या?"

मग अध्यक्ष म्हणाले, "बहुत अच्छा प्रश्न है. हमारी टीम आपसे संपर्क करेगी." आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

नवव्या दिवशी लोधीपुऱ्याच्या गल्लीत एक पांढरी गाडी आली. इंदूरहून कंपनीची दोन माणसं आली होती, हातात काजूकतलीचा डबा. पाणी प्यायल्यावर त्यातल्या मोठ्यानं अगदी गोड आवाजात विचारलं, "चौधरी जी, आप किसके लिए काम करते हैं?"

गिरधरभाऊंना आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, की यांना वाटतंय दुसऱ्या एखाद्या कंपनीनं आपल्याला पढवून बसवलंय. आयुष्यभर त्यांनी लोकांवर संशय घेतला होता. त्यांच्यावर कुणी घेण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी पेन्शनचं पुस्तक आणून समोर ठेवलं.

त्या माणसानं ते नीट बघितलं आणि सूर बदलला. जुन्या केबल कुठून गेल्या आहेत हे माहीत असलेली माणसं कंपनीला लागतात, म्हणाला. सल्लागार म्हणून या. महिना पंधरा हजार. काम फार नाही.

"अहो, पंधरा हजार," आतून मनकर्णाबाईंचा दबका आवाज आला.

गिरधरभाऊंनी त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघितलं. तो खरंच बोलत असेल. तोंड बंद करायलाही आला असेल. दोन्ही एकदमही असू शकतं. "पहले टॉवर चालू करो," ते म्हणाले. "बाकी बात बाद में." आणि काजूकतलीचा डबा न उघडता गाडीत नेऊन ठेवला.

डोईफोडियाचा टॉवर ऑक्टोबरच्या शेवटी चालू झाला. गिरधरभाऊ जाऊन बघून आले, कपाट थरथरत होतं. शाहपूरच्या तुषारकडून आतली गोष्ट कळली. ज्या ठेकेदाराला टॉवर उभे करायचं काम दिलं होतं, त्यानं जनरेटर आणि मीटरचे पैसे उचलले आणि उभ्या टॉवरचे फोटो पाठवले. कंपनीच्या ऑफिसात फोटो आला, की ठिपका हिरवा व्हायचा. एवढंच. त्यांच्यातलं कुणीही गेलं नव्हतं.

"म्हणजे कंपनी चोर नव्हती तर," रंजिता म्हणाली.

"आळशी होती," गिरधरभाऊ म्हणाले. "ते जास्त वाईट. चोराला निदान मालाची किंमत माहीत असते."

नोव्हेंबरमध्ये कंपनीनं तिमाही निकालाबरोबर कबूल केलं, की सगळे टॉवर तपासायला घेतले असता सहांतला एक अजून सुरूच झालेला नाही. तोवर गिरधरभाऊंच्या प्रश्नाचा तो व्हिडिओ कुणीतरी कापून व्हॉट्सअॅपवर सोडला होता. 'एक शेअरवाले काका' म्हणून तो गावोगाव फिरला. शेअर तीन आठवड्यांत दोनशे चाळीसवरून एकशे अठरावर आला.

योगेंद्र पुढच्याच रविवारी जेवायला आला आणि सासऱ्यांच्या पाया पडला. त्या घरात सणासारखं झालं. पण भाईदास गुरुजींनी घाबरून सगळे शेअर एकशे एकवीसला विकले होते. पहिल्या खरेदीतला बराचसा नफा तर गेलाच, दुसऱ्या खरेदीत फंडातले मूळ पैसेही बुडाले. ते टपरीवर यायचे बंद झाले. गिरधरभाऊ दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा आतून उत्तर आलं, झोपलेत.

जानेवारीत रंजितानं विचारलं, "पप्पा, आता घ्यावा का?"

गिरधरभाऊ पुन्हा महिनाभर हिंडले. या वेळी त्यांनी सात टॉवर पाहिले, सातही चालू. नकाशावर आता जिल्ह्यात नऊ ठिपके लाल होते. ते लाल ठिपके बघून त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं. "आता खरं सांगायला लागलेत," ते म्हणाले. "शाहपूरसारखं काम ज्यांना जमतं, त्यांना धंदा येतो. वर कुणीतरी बघतंय हे आता त्यांना कळलंय. थोडे घे. सगळे पैसे नको." रंजितानं प्लॉटच्या पैशातला सहावा हिस्सा घातला, एकशे सव्वीसच्या भावानं.

ही गोष्ट योगेंद्रनं कुणाजवळ तरी बोलून टाकली. चार दिवसांनी भाईदास गुरुजी भर बाजारात गिरधरभाऊंसमोर येऊन उभे राहिले. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच.

"मुलीनं वेगतरंग घेतले म्हणे."

"घेतले."

"कितीला?"

"एकशे सव्वीस."

गुरुजींनी मान हलवली. "छान जमवलंस. आधी सभेत बोंब मारून भाव पाडला. आमच्यासारखे विकून मोकळे झाले. मग पोरीला स्वस्तात घेऊन दिले. आणि मी तीस वर्षं तुला साधा माणूस समजत होतो."

"भाईदास, असं नाही रे."

"कशावरून?"

एवढं विचारून गुरुजी निघून गेले. आजूबाजूच्या दोन दुकानदारांनी ऐकलं होतं, आणि त्यांनी गिरधरभाऊंकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

घरी येऊन ते जेवले नाहीत. मनकर्णाबाई चिडल्या. "त्या माणसाची जीभ झडत नाही कशी! तुम्ही त्याला आधीच नाही सांगितलं होतं का, घेऊ नको म्हणून?"

"सांगितलं होतं. पण त्याच्या जागी मी असतो ना, तर मीही हेच म्हटलं असतं. तारखा बघ की. अगदी तसंच दिसतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंजिताकडून दोन कागद छापून घेतले. एकावर त्यांच्या एका शेअरची खरेदी, दुसऱ्यावर तिच्या खरेदीची तारीख. ते गुरुजींच्या घरी गेले. या वेळी गुरुजींनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"भाव पाडून स्वस्तात घ्यायचेच असते तर पडला त्या आठवड्यात घेतले असते," गिरधरभाऊ म्हणाले. "तीन महिने का थांबलो? मी आधी सात टॉवर बघितले, मग तिला सांगितलं."

"कागद काय, कुणीही छापतं," गुरुजी म्हणाले. पण कागद त्यांनी परत दिले नाहीत.

मध्ये बरेच दिवस गेले. होळीनंतर एका सकाळी गुरुजींचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "डोईफोडियाला पुन्हा कधी जाणार आहेस?"

"म्हणशील तेव्हा."

"मी येतो. तुझ्या सांगण्यावर नाही. मला स्वतः बघायचंय."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. टॉवरजवळ पोचल्यावर गिरधरभाऊ कपाटाकडे वळले, तर गुरुजी सरळ सोजरबाईच्या दारात गेले आणि ओट्यावर बसले. शाळेत पोरांना विचारायचे तसं एक-एक विचारायला लागले.

"आजी, चालतो का टॉवर?"

"चालतो की. पोरं दिवसभर खालीच पडून असतात."

"कधीच बंद पडत नाही?"

"दुपारी लाइट जाते ना, मग तोही जातो. लाइट आली की येतो."

गुरुजी वळले. "ऐकलंस? तुला हे माहीत होतं?"

गिरधरभाऊंना माहीत नव्हतं. जनरेटर आणि मीटर त्यांनी पाहिले होते, बॅटरी किती टिकते हे पाहिलं नव्हतं. ते दर वेळी सकाळच्या बसनं यायचे आणि बारा वाजताच्या बसनं परत जायचे. "नाही," ते म्हणाले. "मी दुपारी कधी थांबलोच नाही."

"मग आज थांबू."

सोजरबाईनं भाकरी आणि ठेचा दिला. दोघं कापसाच्या बांधावर झाडाच्या सावलीत मोबाइल हातात धरून बसले. दोन वाजून वीस मिनिटांनी गावातल्या पिठाच्या गिरणीचा आवाज थांबला. लाइट गेली होती. गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मोबाइलवरच्या रेघा तशाच होत्या. जनरेटर काही सुरू झाला नाही. गिरधरभाऊ उठून जाळीपाशी गेले. जनरेटर होता, पण त्याच्या टाकीवर बोटानं वाजवलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. परत येईपर्यंत रेघा गेल्या होत्या.

"एकोणीस मिनिटं," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जोर आला होता. "डिझेल कोण खातंय ते बघायला हवं."

"खातंय की भरतच नाही, ते बघायला हवं."

"तेच ते."

"तेच ते नाही भाईदास."

परतीच्या बसमध्ये त्यांचा यावरूनच वाद झाला आणि तो शाहपूर जाईपर्यंत चालला. गुरुजींनी बाजारातल्या बोलण्याबद्दल माफी मागितली नाही. गिरधरभाऊंनीही तो विषय काढला नाही. उतरताना गुरुजी एवढंच म्हणाले, "उद्या टपरीवर येतो. साडेसहाला."

त्या संध्याकाळी गिरधरभाऊंनी रंजिताला सगळं सांगितलं, आपलं काय बघायचं राहून गेलं होतं तेही. तिनं ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "जे घेतलेत ते राहू द्या. नवीन घेत नाही. तुम्ही दोघं पुढच्या महिन्यात जाल तेव्हा दुपारीच जा."